औषधाची मात्रा चुकली आणि इजा झाली: दाद मागायची तर सुरुवात कोठून करावी?

सांजवात

नमस्कार. हा विषय येथे मांडावा की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. माझ्या वडिलांना संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट हे औषध काही वर्षांपासून चालू आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते: 15 मिलिग्रॅम, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, ठरलेल्या एका वारी. मध्यंतरी छातीतील संसर्गासाठी त्यांना एका रुग्णालयात दाखल करावे लागले. घरी सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर हेच औषध ‘15 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, सकाळी’ असे छापून आले. औषधविक्रेत्याने त्याप्रमाणे गोळ्या दिल्या आणि पाकिटावर ‘रोज सकाळी’ असे लिहिले. वडिलांची औषधे त्या काळात माझा धाकटा भाऊ देत असे. त्याला जुनी पद्धत ठाऊक नव्हती, आणि वडील अशक्तपणामुळे विचारण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

आठव्या दिवशी तोंडात फोड आले, दहाव्या दिवशी ताप चढला आणि रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीपर्यंत उतरल्या होत्या. दुसऱ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी कागद पाहताक्षणी चूक ओळखली. सतरा दिवसांनी वडील घरी आले. त्यांचा जीव वाचला, पण मूत्रपिंडांचे काम पूर्वीपेक्षा बरेच मंदावले आहे आणि ते आता आधाराशिवाय चालू शकत नाहीत.

पहिल्या रुग्णालयाला पत्र लिहिले, तेव्हा ‘आम्ही अंतर्गत चौकशी करत आहोत’ एवढेच उत्तर आले. औषधविक्रेता म्हणतो की त्याने कागदावर होते तेच दिले. माझा भाऊ स्वतःला दोष देत बसला आहे. ही चूक कायद्याच्या दृष्टीने कोणाची ठरते, वकिलाकडे जाण्यापूर्वी काय हाताशी असावे आणि घरच्यांनीच औषध भरवले हा मुद्दा आमच्यावर उलटू शकतो का, हे जाणून घ्यायचे आहे. हे सारे कोणत्या देशात घडले ते मुद्दाम लिहीत नाही. पुढे प्रकरण उभे राहिले, तर येथील मजकुरावरून ओळख पटू नये, एवढीच इच्छा आहे.

खलबत्ता

सांजवात, वडिलांच्या प्रकृतीबद्दल वाचून वाईट वाटले. मी बरीच वर्षे औषधनिर्माता म्हणून काम केले आहे, तेव्हा प्रथम माझ्याच व्यवसायाबद्दल स्पष्ट बोलतो. ‘कागदावर होते ते दिले’ हा बचाव मेथोट्रेक्झेटच्या बाबतीत अत्यंत लंगडा आहे. संधिवातासाठी हे औषध रोज दिले जात नाही, ही गोष्ट आम्हाला शिकत असतानाच बजावून सांगितली जाते. रोजच्या रोज 15 मिलिग्रॅम लिहिलेली चिठ्ठी समोर आली, तर गोळ्या बाजूला ठेवून लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करणे हेच औषधनिर्मात्याचे काम आहे. तेवढे केले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

यावर इंग्लंडमधील एक जुना निकाल आमच्या व्यवसायात सर्वांना ठाऊक असतो. प्रेंडरगास्ट खटल्यात डॉक्टरांनी अमॉक्सिल हे प्रतिजैविक लिहिले होते. अक्षर इतके वाईट होते, की औषधविक्रेत्याने ते डाओनिल असे वाचले आणि मधुमेह नसलेल्या माणसाला रक्तातील साखर उतरवणाऱ्या गोळ्या दिल्या. रुग्णाच्या मेंदूला कायमची इजा झाली. डॉक्टरांचे म्हणणे असे, की अक्षर वाईट असले तरी औषधविक्रेत्याने विचारायला हवे होते, म्हणून आपली जबाबदारी तेथेच संपली. न्यायालयाने ते मानले नाही आणि 1989 मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला: डॉक्टरांवर 25 टक्के, औषधविक्रेत्यावर 75 टक्के. विक्रेत्याचा वाटा मोठा ठरला, कारण लिहिलेली मात्रा डाओनिलच्या नेहमीच्या वापराशी जुळत नव्हती. शिवाय रुग्णाने औषधाचे पैसे स्वतः भरले होते, जे मधुमेह्याला तेथे भरावे लागत नाहीत. समोर दिसणाऱ्या खुणांनी सावध व्हायला हवे होते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

तेव्हा ‘चूक कोणाची’ या प्रश्नाचे उत्तर एका नावात मिळेलच असे नाही. औषध लिहिणारा, चिठ्ठी उतरवून घेणारा, औषध काढून देणारा आणि पाजणारा अशा साखळीतून ते जाते. साखळीतील दोन कड्या एकाच वेळी तुटल्या, तर दोघांनाही प्रतिवादी करता येते.

आणखी एक. ते पाकीट, उरलेल्या गोळ्या, रिकाम्या पट्ट्या आणि बिल जपून ठेवा. गोळ्या मोजून आकडा लिहून ठेवा, पाकिटावरील अक्षराचा तारखेसह फोटो काढा. अशा प्रसंगी घर आवरताना पहिली टाकली जाते ती औषधांची पिशवी, आणि नेमका तोच पुरावा असतो.

अर्धविराम

मी वकिली करतो आणि वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणे दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत. येथे लिहितो ते सर्वसाधारण स्वरूपाचे आहे. आपल्या प्रकरणावरील सल्ला आपल्या भागातील वकीलच देऊ शकेल.

देश न सांगताही बरेच सांगता येते, कारण पाया बहुतेक ठिकाणी सारखा आहे. काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते मोडले, त्यामुळे इजा झाली आणि त्या इजेचे मोल पैशांत सांगता येते, या चार गोष्टी रुग्णाला सिद्ध कराव्या लागतात. औषधांच्या चुकीत पहिल्या दोन गोष्टी पुष्कळदा सोप्या असतात. निदान किंवा शस्त्रक्रियेच्या प्रकरणात डॉक्टर म्हणू शकतात, की दुसऱ्या जाणकार डॉक्टरांनीही असेच केले असते. इंग्लंडमध्ये 1957 च्या बोलाम निकालापासून आणि भारतात 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालापासून या बचावाला वजन आहे. पण साप्ताहिक औषध रोज देण्याच्या बाजूने कोणताही जाणकार उभा राहणार नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1998 च्या स्प्रिंग मेडोज खटल्यात औषधाच्या चुकीबद्दल स्पष्ट भूमिका घेतली आहे. विषमज्वर झालेल्या एका बालकाला क्लोरोमायसेटिन या प्रतिजैविकाऐवजी लॅरियागो, म्हणजे मलेरियावरील क्लोरोक्विन, शिरेतून टोचले गेले. बालकाचे हृदय थांबले आणि मेंदूला कायमची इजा झाली. चुकीचे औषध वापरले असेल, तर जबाबदारी सहसा ठरतेच, आणि काही प्रसंगी घटना स्वतःच बोलते असे मानता येते, असे न्यायालयाने सांगितले. बालकासाठी 12.5 लाख रुपये आणि आईवडिलांच्या मनस्तापासाठी 5 लाख रुपये कायम झाले. सुई परिचारिकेने टोचली होती, पण भरपाई रुग्णालयाला द्यावी लागली, कारण आपल्या माणसांच्या कामाची जबाबदारी संस्थेवर असते.

अडचण येते ती तिसऱ्या गोष्टीत. चूक झाली हे दाखवणे आणि त्या चुकीनेच इजा झाली हे दाखवणे यांत फार अंतर आहे, आणि बहुतेक पक्षकार माझ्याकडे येतात ते पहिल्याचा पुरावा घेऊन, दुसऱ्याचा विचारही न करता.

पानगळ

अर्धविराम यांनी शेवटी जे लिहिले आहे, ते मी भोगले आहे. आमच्या घरी एका आजारी व्यक्तीला रक्त पातळ ठेवण्याचे औषध दुप्पट मात्रेत दिले गेले. त्यानंतर मेंदूत रक्तस्राव झाला. चूक लेखी कबूल झाली होती. आम्हाला वाटले, आता सिद्ध करायचे काय उरले? समोरच्या तज्ज्ञाने मांडले, की रक्तदाब आधीपासून अनियंत्रित होता, रक्तस्राव झाला त्या दिवशीच्या तपासणीत रक्ताची गोठणक्षमता फारशी बिघडलेली नव्हती आणि असा रक्तस्राव योग्य मात्रेतही झाला असता. आमच्याकडे त्याला उत्तर देणारा माणूस नव्हता. आमच्या वकिलांनी ज्यांचे मत घेतले होते, ते चांगले डॉक्टर होते, पण त्यांचे क्षेत्र वेगळे होते. प्रकरण आम्ही हरलो. इतक्या वर्षांनंतरही ‘चूक मान्य आहे, पण…’ हे शब्द माझ्या कानांत आहेत.

अर्धविराम

पानगळ, आपण हे लिहिले ते बरे झाले. स्कॉटलंडमधून हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलेला 1987 चा के खटला अगदी याच वळणाचा आहे. मेंदूज्वराने आजारी असलेल्या एका लहान मुलाला पेनिसिलिनचे 10,000 ऐवजी 3,00,000 युनिट दिले गेले, म्हणजे तीसपट. चूक मान्य झाली. मूल पुढे बहिरे झाले. तरीही बहिरेपणाची भरपाई मिळाली नाही, कारण मेंदूज्वरामुळे बहिरेपणा येतो हे सर्वज्ञात होते, पण पेनिसिलिनच्या जादा मात्रेने तो येतो असे दाखवणारा पुरावा न्यायालयासमोर आला नाही. वाचताना हा निकाल निर्दयी वाटतो. पण कायद्याचा प्रश्न एवढाच असतो, की चूक झाली नसती तर ही इजा झाली नसती, हे शक्यतेच्या तराजूत निम्म्याहून अधिक भरते का.

सांजवात यांच्या प्रकरणात दोन इजा वेगळ्या काढाव्या लागतील. तोंडातील फोड, पांढऱ्या पेशी उतरणे आणि सतरा दिवसांचे रुग्णालय यांचा मेथोट्रेक्झेटशी असलेला संबंध दाखवणे तुलनेने सोपे जावे, कारण त्या औषधाच्या विषबाधेचे हेच ओळखीचे रूप आहे. मूत्रपिंडांचे मात्र तसे नाही. समोरची बाजू म्हणेल, की वय, आधीचा संसर्ग आणि इतर औषधे यांनी ते बिघडले. म्हणून दाखल होण्यापूर्वीचे क्रिएटिनिनचे, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे, अहवाल शोधून काढा. संधिवाताच्या औषधावर असलेल्या रुग्णाच्या रक्ताची तपासणी ठरावीक काळाने होत असते, त्यामुळे मागील दोन-तीन वर्षांचे आकडे बहुधा मिळतील. घटनेपूर्वीची सरळ रेषा आणि घटनेनंतरची घसरण एका कागदावर मांडता आली, तर ती कोणत्याही प्रतिज्ञापत्रापेक्षा जास्त बोलते.

मूत्रपिंडे आधीच थोडी नाजूक असतील, तरी घाबरू नका. अनेक देशांच्या कायद्यात असे तत्त्व आहे, की ज्याला इजा केली तो जसा आहे तसाच गृहीत धरायचा. त्याची प्रकृती नाजूक होती हा दोषी पक्षाचा बचाव होत नाही. आधी किती बिघाड होता आणि चुकीने त्यात किती भर पडली, हे वेगळे करून दाखवावे मात्र लागते.

तळटीप

एक प्रश्न विचारतो. तो अप्रिय वाटेल. घरी औषध भावाने दिले. जुनी गोळी आठवड्याची होती हे कुटुंबातील कोणाला तरी ठाऊक असणारच. मग समोरची बाजू हाच मुद्दा पुढे करणार नाही का?

अर्धविराम

करील. त्याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात, आणि काही ठिकाणी त्यामुळे भरपाईतून टक्के कापले जातात. पण रुग्णालयाने छापून दिलेल्या सूचनेप्रमाणे वागणे हा निष्काळजीपणा ठरवणे सोपे नाही. लोक त्या कागदावर विसंबतात, आणि विसंबावे म्हणूनच तो दिला जातो.

भारतातील कुणाल साहा यांच्या प्रकरणात हा प्रश्न वेगळ्या रूपात आला होता. त्यांच्या पत्नीला त्वचेचा गंभीर विकार झाला असताना डेपो-मेड्रॉल हे दीर्घकाळ परिणाम करणारे स्टेरॉइड 80 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा असे लिहिले गेले, आणि 1998 मध्ये पत्नीचा मृत्यू झाला. साहा स्वतः डॉक्टर होते. त्यांनी उपचारांत हस्तक्षेप केला, असे म्हणून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने भरपाईतून 10 टक्के कापले. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ती कपात रद्द केली आणि सुमारे 6 कोटी रुपये व त्यावर व्याज द्यायला सांगितले. येथे वर्षांकडेही लक्ष द्या: मृत्यू 1998 मधला आणि अखेरचा निकाल 2013 मधला. आकडा सर्वांच्या लक्षात राहतो, मधली पंधरा वर्षे कोणी सांगत नाही.

सांजवात, आपल्या भावाला एवढे जरूर सांगा, की कायद्याच्या नजरेत त्याची बाजू तो समजतो तितकी दुबळी नाही.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. या धाग्यावर लिहावे की नाही असे वाटत होते, कारण अशा चर्चेत आम्ही नेहमी आरोपीच्या बाजूला उभ्या असतो. तरी दोन गोष्टी सांगते, एक तुमच्या कामाची आणि एक माझ्या मनातील.

कामाची गोष्ट अशी, की डिस्चार्ज कार्ड हा शेवटचा कागद असतो आणि त्याआधीचे कागद बरेच काही सांगतात. दाखल होताना रुग्ण घरी कोणती औषधे घेतो याची नोंद होते. वॉर्डात औषधांचा तक्ता असतो. त्यावर कोणते औषध, कोणत्या वेळी, कोणी दिले याची सही असते. वडील तेथे असताना मेथोट्रेक्झेट रोज दिले गेले, आठवड्याने दिले गेले की संसर्गामुळे थांबवले होते, हे त्या तक्त्यावर दिसेल. तो मागताना ‘केसपेपर द्या’ असे मोघम लिहू नका. औषधांचा तक्ता, दाखल होतानाची नोंद, परिचारिकांची टिपणे आणि प्रयोगशाळेचे अहवाल अशी नावे घेऊन मागा. नोंदी संगणकावर असतील, तर कोणत्या वेळी, कोणाच्या खात्यावरून नोंद झाली किंवा बदलली याचा मागही तेथे राहतो. तोही मागा. यादीतून औषध निवडताना वारंवारतेच्या रकान्यात आपोआप ‘रोज’ येणे, ही गोष्ट मी स्वतः पाहिली आहे.

मनातील गोष्ट अशी. अमेरिकेतील टेनेसी राज्यात एका परिचारिकेने 2017 मध्ये शामक औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारे व्हेक्युरोनियम दिले आणि रुग्ण दगावला. तिने चूक लगेच सांगितली. तिच्यावर फौजदारी खटला झाला, 2022 मध्ये ती दोषी ठरली आणि तिला तुरुंगाऐवजी तीन वर्षांची देखरेखीखालील मोकळीक (प्रोबेशन) मिळाली. त्या निकालानंतर आमच्यातील पुष्कळ जणींच्या मनात एकच प्रश्न आला: यापुढे चूक झाली तर सांगायची का? रुग्णाला न्याय मिळालाच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. पण तुम्ही संस्थेवर दावा करता तेव्हा व्यवस्थेतील भोक दिसते, आणि एका माणसाला तुरुंगात पाठवू पाहता तेव्हा बाकीचे सगळे तोंड मिटून घेतात.

तळटीप

रात्रपाळी, आपले म्हणणे समजते, पण मला ते पूर्णपणे पटत नाही. संस्था भरपाई देते ती विम्यातून. ज्याने डोळे उघडे ठेवून वाचले नाही, त्याला काहीच झळ लागत नसेल तर पुढच्या वेळी तो का वाचेल?

रात्रपाळी

कारण त्यालाही रुग्ण आठवतो. त्यापुढे मी वाद घालत नाही. एक उदाहरण मात्र देते. अमेरिकेत 2006 मध्ये एका रुग्णालयात तीन नवजात बाळे हेपॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाच्या जादा मात्रेने दगावली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या रुग्णालयात, एका प्रसिद्ध अभिनेत्याच्या जुळ्या बाळांना 10 युनिटच्या जागी 10,000 युनिटच्या कुपीतील हेपॅरिन गेले. सुदैवाने ती वाचली. दोन्ही कुप्यांची लेबले निळ्या छटांची होती. माणसे वेगळी, कुपी तीच. त्या कुटुंबाने औषध बनवणाऱ्या कंपनीवरही लेबलाच्या मुद्द्यावर दावा लावला, आणि मला तो अधिक योग्य वाटतो.

खलबत्ता

रात्रपाळी यांच्या बाजूने एक भर. लोसेक हे आम्लपित्तावरील औषध आणि लॅसिक्स हे लघवी वाढवणारे औषध यांच्या नावांची अमेरिकेत इतकी गल्लत होऊ लागली, की 1990 मध्ये लोसेकचे नावच बदलून प्रिलोसेक केले गेले. एखाद्या औषधविक्रेत्याला शिक्षा करून ते साधले नसते. पण या धाग्याचा विषय सांजवात यांचे प्रकरण आहे, तेव्हा मी येथेच थांबतो.

सांजवात

सर्वांचे आभार. खरे सांगायचे तर मला कोणाला तुरुंगात पाठवायचे नाही. मला आधी हवे आहे ते उत्तर: ‘रोज’ हा शब्द त्या कागदावर आला कोठून? आणि त्यानंतर वडिलांच्या पुढील देखभालीचा खर्च. रुग्णालयाची अंतर्गत चौकशी पूर्ण होईपर्यंत थांबावे का? तेथील एक अधिकारी म्हणाले, की वकील आणलात तर आम्हाला बोलता येणार नाही. आणि पैशांचा प्रश्न आहेच. मोठ्या वकिलाची फी आम्हाला झेपणार नाही.

अर्धविराम

चौकशी चालू द्या, पण तिच्यासाठी थांबू नका. दावा दाखल करण्याची कायदेशीर मुदत असते आणि संस्थेशी चाललेल्या पत्रव्यवहाराने ती आपोआप थांबत नाही. भारतात ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यासाठी 2019 च्या कायद्यानुसार दावा करण्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षे मिळतात. उशिराचे सबळ कारण दाखवले तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर भिस्त ठेवू नये. इंग्लंडमध्ये साधारणपणे तीन वर्षे, इजा आणि तिचे कारण कळल्यापासून मोजून. अमेरिकेत प्रत्येक राज्याची मुदत वेगळी आहे, आणि अनेक राज्यांत दाव्याबरोबरच तज्ज्ञाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. गोड बोलण्यात मुदत निघून गेलेली प्रकरणे मी पाहिली आहेत. त्यांत प्रत्येक वेळी कोणाचा दुष्ट हेतू होता असेही नाही.

नोंदी मागण्याच्या मुदतीही लक्षात घ्या. भारतात वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत नोंदी द्यायच्या असतात. ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे एक महिना, तर अमेरिकेत 30 दिवस. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. त्याच पत्रात, संगणकावरील मूळ नोंदी व त्यांतील बदलांचा माग जपून ठेवावा, असेही लिहा.

आता पैसा. अमेरिकेत असे दावे बहुधा ‘जिंकलो तर हिस्सा’ या तत्त्वावर घेतले जातात आणि तो हिस्सा पुष्कळदा एक तृतीयांशाच्या आसपास असतो. इंग्लंडमध्ये सशर्त फीचे, म्हणजे ‘हरलो तर फी नाही’ असे, करार होतात. सरकारी कायदेशीर मदत 2013 पासून या क्षेत्रात जन्माच्या आसपास मेंदूला इजा झालेल्या बालकांपुरतीच उरली आहे. भारतात वकिलाला निकालातील रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरवता येत नाही. मात्र 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असलेले लोक यांना मोफत वकील मिळू शकतो. ग्राहक आयोगापुढे तर पक्षकार स्वतःही उभा राहू शकतो, पण कार्यकारणसंबंधाचा वाद असलेल्या प्रकरणात मी तसे सुचवणार नाही. स्वीडन, डेन्मार्क आणि न्यूझीलंड येथे वाट निराळी आहे. तेथे कोणाचा दोष हे सिद्ध न करताही उपचारातून झालेल्या इजेची भरपाई विम्यातून किंवा सार्वजनिक योजनेतून मागता येते. न्यूझीलंडची मूळ योजना 1974 मध्ये सुरू झाली. रकमा लहान असतात, पण पंधरा वर्षेही लागत नाहीत.

एक कडू गोष्टही सांगून ठेवतो. निवृत्त माणसाच्या प्रकरणात बुडालेले उत्पन्न नसते, त्यामुळे दाव्याची रक्कम लहान राहते आणि तज्ज्ञांचा खर्च मात्र तेवढाच असतो. एखादा वकील प्रकरण नाकारील, ते आपली बाजू खोटी आहे म्हणून नव्हे, तर हिशेब जुळत नाही म्हणून. अशा वेळी त्याचे कारण लेखी मागा आणि दुसऱ्याकडे जा. देखभालीचा खर्च मात्र नीट मांडला, तर तो मोठा असतो. कोण, दिवसातून किती तास, कशासाठी लागतो याची रोजची वही आजपासून ठेवा. घरच्या माणसाच्या श्रमांचेही मोल मागता येते.

पानगळ

वकील निवडण्याबद्दल माझ्याकडून दोन शब्द. पहिल्या भेटीत मी एकच प्रश्न विचारला होता: आपण जिंकू का? तो प्रश्न चुकीचा होता. आज गेलो असतो, तर विचारले असते: अशी किती प्रकरणे तुम्ही चालवली, चुकीबद्दल कोणाचे मत घ्याल आणि इजेच्या कारणाबद्दल कोणाचे? ही दोन माणसे वेगळी असतील का? आमच्याकडे दोन्हींसाठी एकच माणूस होता आणि तेथेच आम्ही घसरलो. सांजवात यांच्या बाबतीत चूक दाखवायला संधिवाताचा डॉक्टर किंवा औषधशास्त्राचा जाणकार चालेल, पण मूत्रपिंडांसाठी मूत्रपिंडांचाच तज्ज्ञ हवा.

निवांत_वाचक

तडजोडीचा प्रस्ताव आला तर काय करावे? माझ्या परिचयातील एका कुटुंबाला दोन महिन्यांतच धनादेश दाखवला गेला होता.

अर्धविराम

दोन महिन्यांत प्रकृती स्थिरावते का, हे आधी डॉक्टरांना विचारावे. तडजोडीच्या कागदावर बहुधा ‘या घटनेतून उद्भवणारे सर्व दावे, आजचे आणि पुढचे, संपले’ असे वाक्य असते. मूत्रपिंडांना उद्या डायलिसिसची गरज लागली, तरी परत जाता येत नाही. त्यात गोपनीयतेचे कलम असेल, तर सांजवात यांना हा धागासुद्धा पुढे चालवता येणार नाही. पण वेळेवर आलेली वाजवी तडजोड हा पराभव नव्हे, आणि तिच्यात न्यायालय देऊ शकत नाही असे काही मागता येते: लेखी स्पष्टीकरण, माफी, संगणकातील तो रकाना बदलल्याचे कळवणे. माफी मागितली तर दोष कबूल होतो, अशी भीती संस्थांना असते. इंग्लंडच्या 2006 च्या कायद्यात, केवळ माफी मागणे म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नव्हे, असे लिहिलेच आहे.

आणि सांजवात, आता आपल्याला एक विनंती. औषधाचे नाव, मात्रा आणि दिवसांचे आकडे आपण येथे दिलेच आहेत. यापुढे आणखी तपशील लिहू नका. प्रतिवादीचा वकीलही मराठी वाचू शकतो. भावाच्या मनःस्थितीबद्दल आपण लिहिलेले वाक्य त्याच्या तोंडी कबुली म्हणून घातले जाऊ शकते. शक्य असेल, तर पहिल्या प्रतिसादातील ते वाक्य संपादकांना काढायला सांगा.

सांजवात

हे माझ्या लक्षातच आले नव्हते. संपादकांना कळवले आहे.

सांजवात

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. रात्रपाळी यांनी सांगितले तसे एकेका कागदाचे नाव घेऊन मागणी केली, तेव्हा प्रथम नुसते डिस्चार्ज कार्ड पुन्हा पाठवले गेले. दुसऱ्या पत्रानंतर उरलेले कागद आले. दाखल होतानाच्या नोंदीत आणि वॉर्डातील औषधांच्या तक्त्यावर काय लिहिले आहे ते येथे सांगत नाही, पण भावाला ते दोन कागद शेजारी ठेवून दाखवले आणि त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी जेवायला आमच्याबरोबर बसला. जुने रक्ताचे अहवालही मिळाले, एकोणीस आहेत. वकिलांची भेट पुढच्या आठवड्यात ठरली आहे आणि पानगळ यांचे प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतले आहेत.